व्यासपीठावर पाय लटपटतात तेव्हा

लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करणारे तरुण मोहनदास गांधी एका सभेत बोलायला उभे राहिले, पण लिहून आणलेले भाषणही त्यांना वाचता येईना. शेवटी ते दुसऱ्याने वाचून दाखवले.

आजच्या महाविद्यालयीन मुलामुलींचीही हीच गत होते. नाव पुकारताच छाती धडधडते, घसा कोरडा पडतो. हे ॲड्रेनलिनचे काम. शरीर आव्हानासाठी सज्ज होत असते. म्हणूनच ‘शांत हो’ हा सल्ला फारसा लागू पडत नाही. हार्वर्डच्या संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात भाषणापूर्वी काहींना ‘मी शांत आहे’, तर काहींना ‘मला उत्साह वाटतोय’ असे म्हणायला सांगितले होते. दुसऱ्या गटाची भाषणे अधिक पटणारी ठरली.

तयारीची रीतही महत्त्वाची. अख्खे भाषण घोकले, तर एक वाक्य निसटताच पुढचा धागा तुटतो. त्यापेक्षा चिठ्ठीवर चार-पाच मुद्दे लिहावेत आणि सुरुवातीची व शेवटची वाक्ये तेवढी पक्की करावीत. तालीम उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करावी. ती मोबाइलवर ऐकली, की ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ किती वेळा येते ते कळते. आधी दोन मित्रांसमोर, मग वर्गात, नंतर वक्तृत्व स्पर्धेत बोलावे.

आणि ऐकावेही भरपूर. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेसारख्या ठिकाणी वक्ता कुठे थांबतो, आवाज कुठे उतरवतो, हे समोर बसून टिपता येते.