घरांत वाढविलेलीं रोपें

पाऊस पडला म्हणजे बागेंत बीं टाकावें व दैवावर भरंवसा ठेवून स्वस्थ बसावें, अशी पुष्कळांची समजूत असते. मोठ्या बियांच्या बाबतींत हें कांहीं अंशीं चालतें. परंतु तुळस किंवा सब्जा यांचें बीं इतकें बारीक असतें कीं, मृगाच्या जोरदार सरीबरोबर तें वाहून जातें. म्हणून या वनस्पतींचें बालपण व्हरांड्याच्या आश्रयानें जावें हें बरें.

मेच्या आरंभीं बीं पेरल्यास पांच-सहा आठवड्यांनीं, म्हणजे पाऊस सुरू होतांना, रोपें बाहेर लावण्याजोगीं होतात. भांड्यास खर्च नको. नारळाची करवंटी अथवा फुटकें मडकें चालेल. मात्र तळास भोंक हवें. गाळलेली माती, मुरलेलें शेणखत व वाळू समभाग घ्यावीं. सब्जाचें बीं पाण्यांत पडतांच बुळबुळीत होऊन एकमेकांस चिकटतें, म्हणून तें भिजवूं नये. कोरडेंच वाळूंत मिसळून विरळ पसरावें. वर मातीचा अगदीं पातळ थर द्यावा. कारण खोल पुरलेल्या बारीक बियांतील अन्नसंचय अंकुर वर येण्यापूर्वींच संपतो. मग भांडें पाण्याच्या परातींत ठेवावें. माती खालून पाणी शोषून घेते व बीं जागचें हलत नाहीं. साधारणतः आठ-दहा दिवसांत अंकुर दिसूं लागतात.

एका वर्षीं आमच्या वर्गांतील मुलांचीं रोपें उत्तम उगवलीं. मुलांनीं त्यांस मोठ्या प्रेमानें दिवसांतून तीन वेळां पाणी घातलें. आठवड्याच्या आंत तीं सर्व मातीलगत काळीं पडून आडवीं झालीं. "गुरुजी, आम्हीं तर पाणी कधींच चुकविलें नाहीं!" असें म्हणून एक लहान मुलगा रडूं लागला. त्याचें म्हणणें खरें होतें, आणि तेंच कारण होतें. सदा ओल्या मातींत व दाट पेरणींत बुरशी माजते व कोवळा देठ कुजविते. तेव्हांपासून मातीचा वरचा थर सुकल्याखेरीज आम्ही पाणी देत नाहीं.

रोप खिडकीकडे झुकतें, कारण त्याची अंधाराकडील बाजू अधिक लांबते; यास्तव भांडें रोज फिरवावें. पहिलीं दोन दलें सोडून चार खरीं पानें आलीं कीं रोपास बाहेरची संवय लावावी. प्रथम तासभर सकाळचें कोवळें ऊन द्यावें, मग वेळ रोज थोडी वाढवावी. आठ-दहा दिवसांनीं ढगाळ संध्याकाळीं, मुळांभोंवतालच्या मातीसह, तें वाफ्यांत लावावें. कोथिंबिरीचें मुख्य मूळ खोल जातें व तिला जागा बदललेली मानवत नाहीं. तिचे धने हलके रगडून, दुभागून, वाफ्यांतच पेरावे.

दुसऱ्या खेपेस त्याच मुलाच्या करवंटींतील सात रोपें जगलीं. त्यांतील एक त्यानें आमच्या मेजावर आणून ठेवलें. शेजारीं पाण्याचा तांब्या होता. परंतु त्यास हात लावण्यापूर्वीं त्यानें मातींत बोट घालून पाहिलें, व तांब्या तेथेंच राहूं दिला.