सिग्नलपाशी सायकलस्वार का दमतो?

ठाण्याहून मुलुंड, घाटकोपर, कुर्ला, शीव, दादर असे करत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत एकट्याने सायकलवर जायचे, तर सुमारे ३५ किलोमीटर पडतात. रस्ता बहुतेक सपाट, तरीही दमछाक होते. दर सिग्नलला थांबण्यात आपली किती ऊर्जा जाते? हिशेब करून पाहू.

सायकल व स्वार मिळून वस्तुमान ८० किलोग्रॅम आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धरू. गतिज ऊर्जा होते १००० ज्यूल. ब्रेक दाबला की तिची उष्णता होते. सिग्नल सुटला की ती पायांनी पुन्हा पुरवायची. पुढे वारा अडवणारा जोडीदार नसताना या वेगाला हवा आणि टायर यांचा एकत्रित विरोध साधारण १५ न्यूटन असतो. म्हणजे एक थांबा पडतो जेमतेम ६७ मीटर सायकल चालवण्याइतका! ७० वेळा थांबलो, तरी जादा श्रम पाच किलोमीटरांहून कमीच.

मग दम का लागतो? उत्तर ऊर्जेत नाही, शक्तीत आहे. एका वेगाने जायला ७५ वॅट पुरतात. पण मागून हॉर्न वाजतो म्हणून पाच सेकंदांत तोच वेग गाठायचा, तर केवळ वेग वाढवण्यासाठी सरासरी २०० वॅट लागतात. दहा सेकंद घेतले, तर १००.

म्हणून लाल दिवा दिसताच पायडल मारणे थांबवावे, निघताना सावकाश निघावे. मागच्या गाडीवाल्यानेही तेवढे पाच सेकंद द्यावेत.

वर्गात विचारावे : वेग दुप्पट केला, तर प्रत्येक थांब्याला किती ज्यूल जातील?