उपचारात्मक अश्वारोहण : सहभागींची पात्रता व सुरक्षितता (भंडारा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांना पोलिओमुळे गुडघ्याखाली पक्षाघात झाला होता. तरीही 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज या अश्वारोहण-प्रकारात त्यांनी रौप्यपदक मिळविले आणि पाश्चात्त्य देशांत या उपचारपद्धतीकडे लक्ष वेधले गेले. चालत्या घोड्याची पाठ स्वाराच्या कटिभागास मानवी चालीसारखी गती देते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना त्यामुळे धडाचा तोल सावरण्यास साहाय्य होते. मात्र हीच गती काहींना अपायकारक ठरते.

पात्रता :
डॉक्टरांचे लेखी संमतिपत्र ही पहिली अट होय. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असण्याचा संभव असल्याने मज्जासंस्थेची तपासणी आवश्यक ठरते. अनियंत्रित अपस्मार, निखळलेला खुबा, ठिसूळ हाडे असल्यास अश्वारोहण टाळावे. खोगिरासह स्वाराचा भार घोड्याच्या वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. 300 किलोच्या देशी घोड्यासाठी ही मर्यादा 60 किलो येते.

सिकलसेलचा प्रश्न :
पूर्व विदर्भात, भंडारा जिल्ह्यातही, सिकलसेलचे रुग्ण आढळतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत या आजाराचा समावेश आहे. परंतु दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र म्हणजे अश्वारोहणाची पात्रता नव्हे, हा भेद पालक व शिक्षकांनी विशेषत्वाने जाणावा. या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते खचू शकते, आणि घोड्यावर बसताना ताण नेमका खुब्यावरच येतो. प्रारंभीच्या अवस्थेत साधा एक्स-रे निर्दोष दिसतो. म्हणून मांडीत वा जांघेत दुखणाऱ्या मुलाची एमआरआय तपासणी होईपर्यंत त्यास घोड्यावर बसवू नये. प्लीहा वाढलेली असल्यास पडल्यावर ती फुटण्याचा धोका असतो. शरीरातील पाणी कमी झाल्यास वेदनेचा झटका येतो. त्यामुळे येथील मे महिन्यातील उन्हात असे सत्र घेणे अयोग्यच.

सुरक्षितता :
शिरस्त्राण, घोडा धरणारा एक व दोन्ही बाजूंस चालणारे दोन साहाय्यक, तसेच पडताना पाय सहज सुटेल अशी रिकीब आवश्यक असते. स्वारास खोगिराला कधीही बांधू नये. लग्नाच्या वरातीतील घोडा गर्दीला सरावलेला असतो खरा. पण कुबड्या, चाकांची खुर्ची किंवा मुलाची आकस्मिक किंकाळी यांची सवय त्यास स्वतंत्रपणे लावावी लागते. प्रथम हे सारे रिकाम्या खोगिराने पार पडावे.