संत्र्याचा रात्रीचा पाहुणा

आमच्या चांदूर बाजार भागात आंबिया बहराची संत्री रंग धरू लागली, की शेतकऱ्याचा जीव झाडाला टांगलेला असतो. अशाच एका सप्टेंबरात माझ्या बागेत रोज सकाळी फळांचा सडा पडू लागला. प्रत्येक फळावर टाचणीने टोचल्यासारखं छिद्र. दाबलं की रस बाहेर. मी दिवसा दोन फवारण्या केल्या. गळ काही थांबली नाही.

शेवटी बागेचा म्हातारा रखवालदार म्हणाला, "भाऊ, रात्री बॅटरी घेऊन या." गेलो. उजेडात फळाफळावर लालसर डोळे चमकत होते. हा रस शोषणारा पतंग. शास्त्रीय नाव युडोसिमा. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी, त्यावर काळी खूण. इतर पतंगांची सोंड मऊ असते. याच्या सोंडेचं टोक टणक आणि काटेरी. साल भोसकून तो रस पितो. मग त्याच भोकातून बुरशी आत शिरते आणि फळ गळतं.

गंमत अशी, की याची अळी संत्र्याच्या पानाला तोंडही लावत नाही. मादी अंडी घालते ती रानातल्या, बांधावरच्या गुळवेल आणि वासनवेलीच्या पानांवर. तीन-चार दिवसांत अळी निघते. ती दोन-तीन आठवडे पानं खाते. तिच्या दोन्ही कुशींवर डोळ्यांसारखे ठिपके असतात; डिवचलं की ती अंगाची कमान करते. मग पानं धाग्यांनी जुळवून कोष करते. साधारण दोन आठवड्यांनी पतंग बाहेर पडतो. पावसाळ्यात वेली फोफावतात, पतंगांच्या पिढ्या वाढतात आणि नेमकी तेव्हाच आपली फळं भरतात.

माझी फवारणी का फुकट गेली, ते आता कळलं असेल. दिवसा बागेत ना पतंग होता, ना अळी.

मग उपाय काय? बागेलगतच्या बांधावरच्या या वेली काढाव्यात. गळलेली फळं रोज वेचून खोल पुरावीत, कारण त्यांच्या वासाने आणखी पतंग येतात. अंधार पडताना बागेत धूर करावा. हे सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून केलं तरच उपयोग. पतंग दुरून उडत येतो.

पण रानातली गुळवेल तोडायला जाऊ नका. 2020 साली, कोरोनात काढ्यासाठी तिलाच शोधत आपण फिरलो होतो. तिचं घर रान आहे, आणि पतंगाचंही. आपण फक्त आपला बांध सांभाळायचा.