केसपेपरवर नसलेले ऊन

दौंड तालुक्यातील एखाद्या गुऱ्हाळात एप्रिलच्या दुपारी दहा मिनिटे उभे राहून पाहावे. वर तापलेला पत्रा, समोर काहिलीतला उकळता रस, आणि चुलवाणात चिपाडे सारणारा मजूर सकाळपासून तेथेच. अशा माणसाच्या छातीत कळ येऊन तो रुग्णालयात पोहोचला, म्हणजे कागदावर ‘हृदयविकाराचा झटका’ एवढेच पडते. निदान खोटे नसते, अपुरे असते. त्या दिवशी पारा कोठे होता आणि रुग्ण कोणत्या धगीत राबत होता, हे बहुधा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः उन्हाचा आणि हृदयाचा संबंध अगदी सरळ आहे. अंग निववण्यासाठी शरीर रक्त कातडीकडे धाडते; त्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात. घामावाटे पाणी व क्षार गेले की रक्त दाटते, गुठळीचे भय वाढते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्याची अवस्था तर अधिकच बिकट. उष्माघात निदान डोळ्यांना दिसतो. हा घाला दिसत नाही.

तो दिसला, शेजारच्या शिरूर तालुक्यात. वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून शिरूर व हवेलीतील बावीस गावांत घरोघरच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. २००३ ते २०१२ या काळातील मृत्यू व तापमान विजेंद्र इंगोले आणि सहकाऱ्यांनी ताडून पाहिले. हृदयविकार ज्यांत मोडतो त्या असंसर्गजन्य रोगांनी मरण्याचा धोका अतिउष्ण दिवशी सुमारे दीडपट आढळला. आणि मरत कोण होते? आपली समजूत अशी की ऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाधते. येथे वाढता धोका दिसला तो बारा ते एकोणसाठ वयाच्या माणसांत आणि पुरुषांत! हृदयविकार थंडीत बळावतो, हे थंड देशांतील डॉक्टरांचे मत चुकीचे नव्हे. पण वढूच्या नोंदींत थंडीचा तसा ठळक संबंध आढळला नाही.

तेव्हा शिरूर व दौंडच्या सरकारी रुग्णालयांनी केसपेपरवर दोन रकाने वाढवावेत: त्या दिवसाचे कमाल तापमान आणि रुग्णाचे कामाचे ठिकाण. यास नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. केवळ वेधशाळेच्या आकड्यावर मात्र भागणार नाही. तिचा तापमापक सावलीतल्या हवेशीर पेटीत असतो, चुलवाणापाशी नव्हे.

गुऱ्हाळमालक म्हणतील, रस थांबत नाही, आंबतो. खरे आहे. मग ऊस तेवढाच गाळावा, पहिले आदण पहाटे तीनला चढवावे, आणि दुपारी बारा ते चार चुलवाण थंड ठेवावे.