उपचार मोफत, पण राहायचं कुठे?

कर्करोगाच्या रुग्णाला औषधाइतकीच निवाऱ्याची गरज असते, हे मुंबईत परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाच्या आसपास कुणालाही दिसेल. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा सहा-सात आठवडे चालतं. मध्येच खंड पडला तर, विशेषतः तोंडा-घशाच्या कर्करोगात, रोगाच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते आणि गुण कमी येतो. म्हणून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली खाट ही निव्वळ दयेची बाब नाही, ती उपचाराचाच भाग आहे.

राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागतो, मग समाजाने आणखी काय करायचं, असं कुणी विचारेल. योजना शस्त्रक्रियेचे आणि औषधांचे पैसे भरते. सोबत आलेल्या भावाची बुडालेली मजुरी आणि दोन महिन्यांचं भाडं भरत नाही. रेल्वेत स्लीपरने जाणाऱ्या रुग्णाला पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे, पण त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. तो रांगेत उभं राहून आणून देणारा माणूस हीसुद्धा मदतच. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: हौशी मदत कधीकधी भलतीच ठरते. रेडिएशनने तोंड सोलवटलेल्या रुग्णाला वडापाव काय कामाचा? त्याला बिनतिखटाची, घोटलेली, कोमट खिचडी हवी; नळीतून अन्न जात असेल तर तेही गाळून. तेव्हा डबा भरण्याआधी रुग्णाला किंवा आहारतज्ज्ञाला विचारावं, आणि घरगुती काढ्यांचे सल्ले मात्र डब्यासोबत पाठवू नयेत.