वाळवंटातले भेक – ६ : गप्प बसणाऱ्या प्राण्याची ओळखपरेड

नेवाडातल्या डिक्सी व्हॅलीचा भेक (टोड) कोर्टाच्या पायरीपर्यंत कसा पोहोचला, ते या भागात यायचे होते. ते आठवडाभर पुढे जाते आहे, कारण साताऱ्याच्या एका वाचकाने असा प्रश्न पाठवला आहे की त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. त्यांनी लिहिले आहे : मृगाच्या पहिल्या पावसाला आमच्या विहिरीभोवती चार तऱ्हेचे बेडूक ओरडतात आणि अंधारातही कोण कुठला ते कळते. मग डिक्सीचा भेक वेगळा ओळखायला नेवाडातल्या शास्त्रज्ञांनी मोजमापांचा एवढा खटाटोप का केला? रात्री जाऊन नुसता कान दिला असता तर?

कान देण्याचा मार्ग खराच आहे, आणि अमेरिकेत त्याचे सर्वांत देखणे उदाहरण वाळवंटात नाही, थेट न्यूयॉर्क शहरात घडले. कार्ल कॉफेल्ड या सरीसृपतज्ज्ञाने 1930 च्या दशकातच म्हटले होते, की न्यूयॉर्कच्या आसपास ठिपक्यांच्या लेपर्ड बेडकांच्या दोन नव्हे, तीन प्रजाती असाव्यात. त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे जेरेमी फाइनबर्ग हा संशोधक स्टेटन आयलंडच्या दलदलीत बेडकांवर काम करत असताना त्याला ओळखीच्या बेडकाच्या तोंडून अनोळखी आवाज ऐकू आला. त्या भागातला दक्षिणी लेपर्ड बेडूक एकामागून एक अनेक ठोके दिल्यासारखा ओरडतो. हा मात्र एकदाच ‘चक्’ करून थांबत होता. त्या एका ‘चक्’चा पाठपुरावा झाला, डीएनए तपासला गेला, आणि 2014 मध्ये ‘राना कॉफेल्डी’ ही नवी प्रजाती जाहीर झाली. कॉफेल्डचे म्हणणे पाऊणशे वर्षांनी खरे ठरले आणि बेडकाला त्याचेच नाव मिळाले.

आवाजाला एवढे वजन का, तेही सांगायला हवे. नराची साद ही मादीसाठी असते. मादी आपल्या प्रजातीच्या सादेकडे जाते आणि दुसऱ्या सादेकडे सहसा फिरकत नाही. म्हणजे दोन प्रजातींमधली सीमारेषा तो प्राणी स्वतःच आवाजाने आखतो, संशोधकाने ती फक्त टिपून घ्यायची. आपल्या पश्चिम घाटातल्या कित्येक छोट्या बेडकांची ओळख अशाच ध्वनिमुद्रणांनी पक्की झाली आहे.

डिक्सी व्हॅलीत हा मार्ग चालत नाही. तिथला भेक ज्या मोठ्या गटातला आहे, तो पश्चिमी भेकांचा, म्हणजे ‘बोरियास’चा गट बहुतांशी गप्प आहे. या गटातल्या बहुतेक नरांना आवाज घुमवणारी गळ्याची पिशवीच नसते आणि मादीला बोलावणारी सादही नसते. त्यांच्याकडे एक बारीकशी चिवचिव असते, पण ती तक्रारीची. पाणवठ्यावरच्या गर्दीत एका नराने चुकून दुसऱ्या नराला मिठी मारली, की खालचा ‘सोड’ म्हणून चिवचिवतो. गंमत अशी, की याच गटातले कॅनडातल्या आल्बर्टा प्रांताचे काही नर गळा फुगवून रीतसर साद घालतात. एकाच गटातले काही मुके आणि काही बोलके कसे, हा विषय एका स्वतंत्र लेखाचा आहे आणि तो कधीतरी नक्की घ्यायचा आहे.

साद नाही म्हटल्यावर उरतात रंग, माप, रक्त आणि पत्ता.

रंगाच्या बाबतीत आपण महाराष्ट्रातले लोक भाग्यवान. कोयनेच्या परिसरातून 1963 मध्ये वर्णन झालेला भेक आणि 2009 मध्ये बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबोलीहून जाहीर केलेला भेक यांच्या अंगावर पिवळ्या रंगाची अशी उधळण असते, की आंबोलीच्या भेकाला वाघावरून ‘टायग्रिना’ हे नाव मिळाले. दोघांसाठी ‘झँथोफ्रायन’ ही नवी जातकुळीही (जीनस) त्याच वेळी उभी राहिली. डिक्सीच्या भेकाने रंगात एवढी उदारता दाखवलेली नाही. ऑलिव्हसारख्या हिरवट पाठीवर गंजाच्या रंगाचे ठिपके, एवढेच. शेजारच्या पश्चिमी भेकापासून तेवढ्यावर वेगळा काढायला गेले तर कोणीही हसेल. शिवाय भेकाची कातडी ओल, ऊन आणि मातीप्रमाणे गडद-फिकी होते, आणि संग्रहालयाच्या बरणीत तर रंग उडूनच जातो.

म्हणून मापे. मिशेल गॉर्डन, एरिक सिमँडल आणि रिचर्ड ट्रेसी या तिघांनी नेमके हे काम केले. ट्रेसी हे तेव्हा रीनो इथल्या नेवाडा विद्यापीठात प्राध्यापक होते. सिमँडल यांनी आधी ग्रेट बेसिनमधल्या दोन दुर्मिळ भेकांवर प्रबंध केलेला होता, त्यामुळे एकाकी पाणवठ्यावर अडकलेला भेक म्हणजे काय चीज असते हे त्यांना ठाऊक होते. कॅलिपर घेऊन नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोक्याची रुंदी, डोळ्यांमधले अंतर, मागच्या पायाची हाडे, डोळ्यामागच्या विषग्रंथी, पोटरीवरच्या ग्रंथी असे एकेक अंग मोजायचे. एकट्या भेकाचे नाही, अनेक खोऱ्यांतल्या अनेक भेकांचे. वाचायला हे कंटाळवाणे वाटेल, पण या कथेतला खरा थरार इथेच आहे.

डिक्सीचा भेक लहान आहे, हे कोणालाही दिसते. पश्चिमी भेकाची मादी पाच इंचांच्या आसपास जाऊ शकते. हा दोन-अडीच इंचांतच थांबतो आणि आपल्या गटात सर्वांत छोटा ठरतो. पण लहान असणे हा पुरावा नाही. भेक वयात आल्यावरही वाढत राहतो, खाणे कमी पडले तर खुजा राहतो, आणि नर मादीपेक्षा लहानच असतो. फक्त आकारावर नवी प्रजाती काढली असती तर पहिल्याच परीक्षकाने निबंध परत पाठवला असता. प्रश्न असा विचारावा लागतो : पश्चिमी भेक याच्याएवढाच असताना याच्यासारखा दिसतो का? त्यासाठी आकाराचा परिणाम गणिताने बाजूला काढून अंगांचे एकमेकांशी असलेले प्रमाण तपासायचे. शिंप्याला ठाऊक असते, की मोठ्या माणसाचा सदरा सरसकट आटवून लहान मुलाला बसत नाही, खांदा आणि बाही यांचे गणितच वेगळे असते. तसेच इथे झाले. डिक्सीच्या भेकाचे डोळे देहाच्या मानाने मोठे आणि एकमेकांच्या जवळ निघाले, पोटरीवरच्या ग्रंथीही ठळक निघाल्या. तो पश्चिमी भेकाची छोटी आवृत्ती नव्हता, त्याची घडणच निराळी होती.

मापांच्या जोडीला आनुवंशिक पुरावा आला, आणि त्याच्या जोडीला पत्ता. या भेकाचा पत्ता विलक्षण आहे. रीनोपासून सुमारे 160 किलोमीटरवर, चर्चिल काउंटीत, गरम झऱ्यांच्या पाण्यावर जगणारी जेमतेम 760 एकरांची पाणथळ जागा, आणि चारी बाजूंना कोरडे माळरान. हे खोरे ज्या ग्रेट बेसिन प्रदेशात आहे, तिथले पाणी समुद्राला मिळत नाही. हिमयुगात या प्रदेशात विशाल सरोवरे होती. त्यांतले लाहॉन्टन सुमारे 22,000 चौरस किलोमीटर पसरले होते, आणि डिक्सी खोऱ्यातही स्वतंत्र सरोवर होते. हवामान कोरडे होत गेले, पाणी मागे हटले आणि भेक उरल्यासुरल्या झऱ्यांपाशी अडकून पडले. कातडीतून पाणी गमावणाऱ्या दोन इंचांच्या प्राण्याला पलीकडच्या खोऱ्यात जाणे म्हणजे मरणच. कॅलिफोर्नियातल्या डीप स्प्रिंग्ज खोऱ्यातला काळा भेकही असाच अडकलेला. त्याचे वर्णन जॉर्ज मायर्स यांनी 1942 मध्येच केले होते.

तिघांचा निबंध जुलै 2017 मध्ये ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात आला. प्रजातीला नाव मिळाले ‘विल्यम्सी’. 1968 मध्ये वायोमिंगच्या भेकाचे वर्णन झाले होते. त्यानंतर अमेरिकेतून नव्या भेकाचे वर्णन व्हायला 49 वर्षे लागली. वायोमिंगच्या भेकाला तर आधी उपप्रजातीच मानले होते.

अशा निबंधांचा एक नियम सामान्य वाचकाला खटकतो. नाव देताना एक विशिष्ट नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात राहील हे सांगावे लागते. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची ही अट 1999 नंतरच्या वर्णनांना बंधनकारक आहे. एवढ्या दुर्मिळ प्राण्यातला एक बरणीत कशासाठी, असे वाटते. पण उद्या कोणी म्हणाले की शेजारच्या झऱ्यावरचा भेकही विल्यम्सीच आहे, तर पडताळा कशाशी घ्यायचा? छायाचित्रात पोटरीची ग्रंथी मोजता येत नाही. फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेल्या देहातून डीएनए नीट मिळत नाही, म्हणून शहाणा संशोधक ऊतीचा तुकडा आधीच वेगळ्या अल्कोहोलमध्ये ठेवतो. असा एक नीट जपलेला नमुना पुढच्या पिढीतल्या शंकेखोराला पुन्हा मोजायची संधी देतो, आणि ही संधी फार मोलाची आहे.

शंकेखोर आहेतच. बोरियास गट जनुकांच्या दृष्टीने गुंतागुंतीचा आहे, आणि एकेका झऱ्यावरच्या भेकाला प्रजातीचा दर्जा द्यावा की त्यांना एकाच प्रजातीच्या शाखा मानावे, यावर मतभेद होऊ शकतात. तरीही या तिघांच्या पद्धतीत दम आहे, आणि त्याचा पुरावा पुढच्या कामात मिळाला. तीच मापांची आणि जनुकांची चाळणी त्यांनी एका नव्या सहकाऱ्यासह मध्य नेवाडाच्या खोऱ्यांना लावली. 2020 मध्ये ‘कोपिया’ या नियतकालिकात आणखी दोन भेक जाहीर झाले : एक हॉट क्रीकचा, दुसरा रेलरोड व्हॅलीचा. अर्धशतकभर एकही नाही, आणि तीन वर्षांत तीन. नेवाडात भेक अचानक उपजले नव्हते. ऐकू येत नसल्याने ते पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटत होते. साताऱ्याच्या वाचकाचा प्रश्न म्हणूनच इतका मोलाचा.

आता उधारी. पुढच्या भागात नोव्हेंबर 2021 पासून सुरुवात करायची आहे, जेव्हा या भेकाच्या परिसरातल्या, डिक्सी मेडोज इथल्या भूऔष्णिक वीजप्रकल्पाला अमेरिकी केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याने मंजुरी दिली. मग फॅलन पायूट-शोशोनी जमातीने आणि ‘सेंटर फॉर बायोलॉजिकल डायव्हर्सिटी’ या संस्थेने गुदरलेला दावा, एप्रिल 2022 मधले 240 दिवसांचे तातडीचे संरक्षण आणि त्या डिसेंबरमधला अंतिम निर्णय. अमेरिकेचा 1973 चा कायदा पृष्ठवंशी प्राण्यांच्या स्वतंत्र समूहालाही संरक्षण देऊ शकतो, म्हणजे प्रजातीचे नाव नसले तरी दार अगदी बंद नसते. मग विल्यम्सी या नावाने नेमके काय बदलले, ते तेव्हा पाहू.